पगाराआधी लायसन्स बघा

वाचकाचं पत्र: मी २७ वर्षांची, खानापूर तालुक्यातली. बेळगावातच मेकॅनिकलची बीई केली. चार वर्षं एका खासगी विमा कंपनीच्या बेळगाव ऑफिसात मोटार क्लेम बघते. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ५ लाख १० हजार, हातात साधारण ३८ हजार येतात. आता बेंगळूरच्या एका इन्शुरटेक, म्हणजे विम्याचं काम तंत्रज्ञानावर चालवणाऱ्या स्टार्टअपचं ऑफर लेटर आलंय. एकूण ११ लाख: ८ लाख ४० हजार फिक्स्ड, १ लाख २० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारे) आणि १ लाख ४० हजारांचे ईसॉप (कंपनीचे शेअर घ्यायचे ऑप्शन). पद ‘क्लेम्स प्रॉडक्ट असोसिएट’. पगार दुपटीहून जास्त, म्हणून मन ओढ घेतंय. बाबांना शुगर आहे, भाऊ अजून शिकतोय, घरात कमावती मी एकटीच. बाबा म्हणतात, स्टार्टअप म्हणजे आज आहे, उद्या नाही. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर हवंय. जाऊ की नको?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात पगाराचे सगळे आकडे आहेत, पण या कंपनीकडे लायसन्स कोणतं आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. जावं की नको, याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. म्हणून आधी ते बघू आणि पगाराकडे नंतर येऊ.

‘इन्शुरटेक’ नावाचं लायसन्स नसतंच. हैदराबादची नियामक संस्था आयआरडीएआय विमा कंपनीला, ब्रोकरला, कॉर्पोरेट एजंटला, वेब अ‍ॅग्रिगेटरला (पॉलिसींची तुलना दाखवणाऱ्या साइटला) वगैरे नोंदणी देते. स्टार्टअप कितीही आधुनिक दिसत असलं तरी कागदावर ते यांपैकीच काहीतरी असतं, नाहीतर विमा कंपन्यांना नुसतं सॉफ्टवेअर विकणारं असतं. बेंगळूरच्याच अ‍ॅको आणि डिजिट या स्वतः विमा कंपन्या आहेत. तिथे प्रीमियम त्यांच्याकडे येतो आणि क्लेमही त्यांच्याच खिशातून जातो. गुरुग्रामची पॉलिसीबझार ब्रोकर आहे, ती दुसऱ्यांच्या पॉलिसी विकते. हा फरक किती मोठा आहे ते भांडवलावरून कळतं. विमा कंपनी काढायला किमान १०० कोटींचं भांडवल लागतं, तर डायरेक्ट ब्रोकर व्हायला ७५ लाख पुरतात.

तुम्हाला ज्या कंपनीनं बोलावलंय तिची नोंदणी असेल तर वेबसाइटच्या तळाशी तिचा क्रमांक असणार, तो दाखवणं बंधनकारक आहे. तो क्रमांक आयआरडीएआयच्या साइटवरच्या यादीशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही पाठवलेल्या पदाच्या वर्णनात ‘वेगवेगळ्या विमा कंपन्यांशी क्लेमचा पाठपुरावा’ असं वाक्य आहे. त्यावरून ती ब्रोकर असावी असं धरून पुढचं लिहितोय.

ब्रोकरकडे गेलात की तुमच्या कामातली एक मोठी गोष्ट बदलेल. आज तुम्ही विमा कंपनीच्या टेबलावर बसता. सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याचा रिपोर्ट आला की घसारा किती धरायचा, कोणता पार्ट मान्य करायचा, कोणता नाही, यात तुमचं म्हणणं चालतं. ब्रोकर कायद्यानं ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. त्याच्या क्लेम टीमला क्लेम मंजूरही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. ती कागद गोळा करते, विमा कंपनीच्या मागे लागते, ग्राहकाला उत्तर देते. तुमच्यासारख्या निर्णय घेणाऱ्या माणसाला पहिले सहा महिने ही गोष्ट फार जाचते. चूक कुठे आहे ते दिसत असतं, पण सही दुसऱ्याची असते. ज्यांना हे आधी ठाऊक नसतं त्यांच्यातले काही जण वर्षाच्या आत राजीनामा देतात.

आता पैशाची बाजू. ब्रोकरचं उत्पन्न म्हणजे कमिशन. समजा एका कारची पॉलिसी ९,००० रुपयांची, त्यावर कमिशन १,८०० मिळालं. त्यातले १,२०० गावोगावच्या पीओएसपीला गेले. हेच ते दहावी पास, १५ तासांचं ट्रेनिंग घेऊन मोबाइलवरून पॉलिसी काढून देणारे लोक. खडेबाजारपासून निपाणीपर्यंत प्रत्येक आरटीओ एजंटाच्या टेबलावर असा एक जण भेटेल. उरलेल्या ६०० रुपयांत जाहिरात, सर्व्हर, कॉल सेंटर आणि सगळ्यांचे पगार. त्या ग्राहकाचा क्लेम आला की तुमच्या टीमचे तीन-चार तास जातात आणि त्याचा एक रुपयाही वेगळा मिळत नाही. म्हणजे किरकोळ पॉलिसी विकणाऱ्या ब्रोकरच्या हिशेबात क्लेम टीम हा निव्वळ खर्च असतो. पैसे आटले की पहिली कात्री तिथेच लागते. पण जो ब्रोकर कंपन्यांना कर्मचाऱ्यांचा ग्रुप मेडिक्लेम विकतो त्याचं गणित उलटं असतं. तिथे क्लेमची सेवा बिघडली तर पुढच्या वर्षी पूर्ण खातंच हातातून जातं, त्यामुळे क्लेमची माणसं जपली जातात. तेव्हा एचआरला विचारायचा पहिला प्रश्न असा: तुमच्या एकूण प्रीमियमपैकी रिटेल किती आणि ग्रुप किती? क्लेमचा धंदा कळणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर नीट मिळेल.

दुसरी जोखीम नियमांची. ब्रोकरच्या उत्पन्नाची किल्ली त्याच्या हातात नसते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीवरची वेगवेगळी कमिशन मर्यादा गेली आणि विमा कंपनीच्या एकूण खर्चावरच मर्यादा आली. जनरल इन्शुरन्ससाठी ती एकूण प्रीमियमच्या ३० टक्के आहे. या बदलाचा ब्रोकरांना फायदा झाला. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकासाठी चांगलंच झालं, पण विमा कंपन्यांना त्यावरचं इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेनासं झालं आणि अनेक कंपन्यांनी तो भार वितरकांच्या कमिशनमधून वळता केला. एका निर्णयानं स्टार्टअपचं वर्षाचं गणित असं हलतं. तुम्ही कितीही मन लावून काम केलंत तरी ते तुमच्या हातात नसतं.

एवढं वाचून बाबांचंच बरोबर असं वाटलं असेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिथे तुमचं पारडं जड आहे.

या कंपन्यांत कोड लिहिणारी हुशार मुलं भरपूर असतात. गॅरेजमध्ये उभं राहून गाडीचा चेसिस नंबर घासून वाचलेली माणसं फार थोडी. त्याचा परिणाम कसा होतो ते बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या. अशा पुरात गाडी बुडाली की पाणी ओसरल्यावर माणूस सगळ्यात आधी काय करतो? चावी फिरवून बघतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनला ते पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, कारण ते पुरानं नाही तर चावी फिरवल्यानं झालं असं मानतात. इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन असेल तरच आशा. आता अ‍ॅपवरचा क्लेम फॉर्म डोळ्यापुढे आणा. ‘पाणी शिरल्यावर इंजिन सुरू केलं का?’ हा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्यानं चौदाव्या नंबरवर टाकलेला असतो, आणि तोवर गाडीमालक चावी फिरवून मोकळा झालेला असतो. तुम्ही असता तर ‘पूर / पाणी’ हा पर्याय दाबताच पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं असतं: चावी फिरवू नका, बॅटरीची वायर काढा, टोइंगसाठी इथे दाबा. एवढ्या बदलानं ग्राहकाचं इंजिन वाचतं आणि पुढचं भांडणही टळतं. ‘क्लेम्स प्रॉडक्ट’ या शब्दांचा खरा अर्थ हा आहे, आणि हे काम विमा कंपनीच्या शाखेत बसून तुम्हाला कधीच करायला मिळणार नाही.

दुसरं उदाहरण फोटोवरून होणाऱ्या क्लेमचं. मोटारीचं नुकसान ५० हजारांच्या खाली असेल तर लायसन्सधारक सर्व्हेअर बंधनकारक नाही, हे तुम्हाला पाठच असेल. याच फटीतून अ‍ॅपवर फोटो टाकून अर्ध्या तासात मंजुरी देणाऱ्या सगळ्या योजना निघाल्या. फोटो वाचणारी यंत्रणा मात्र चुकते, आणि तिच्या चुका ठरलेल्या असतात. खानापूरच्या लाल मातीचा वाळलेला थर बंपरवर असला की तिला पोचा दिसतो. दुपारच्या उन्हात बॉनेटवर पडलेली झाडाची सावली ओरखडा वाटते. उलट प्लास्टिक बंपर आतून तुटून वरून परत फुगला असेल तर तिला काहीच दिसत नाही. ‘फोटोआधी गाडी पुसा, सावलीत लावा, बंपरच्या क्लिपा खालून दाखवा’ अशा तीन सूचना कुठे आणि कशा शब्दांत द्यायच्या, हे तुम्हीच सांगू शकाल.

तिसरं उदाहरण आपल्या सीमाभागाचंच. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीला केवायसी सक्तीचं आहे. आपल्याकडची नावं मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जातात, त्यामुळे पॅनवर ‘गणेश’ असलेला माणूस आधारवर ‘गणेशा’ होतो. जुन्या आरसी बुकावर बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. गाडी केए-२२ची, पण मालकाचा पत्ता चंदगडचा, किंवा गाडी एमएच-०९ची आणि मालक निपाणीचा. यंत्रणा म्हणते, जुळत नाही. पैसे खात्यातून गेलेले, पॉलिसी ‘पेंडिंग’, आणि त्याच दोन दिवसांत अपघात. मग सुरू होतो विमा कायद्यातल्या कलम ६४ व्हीबीचा, म्हणजे प्रीमियम आधी मिळण्याच्या अटीचा वाद: प्रीमियम विमा कंपनीला नक्की कधी मिळाला, पेमेंट गेटवेत अडकला होता की पोचला होता? रोज अशा केसेस येतात. नावातल्या शेवटच्या ‘आ’कडे दुर्लक्ष करायचा नियम यंत्रणेत बसवायला त्या ‘आ’चं कारण माहीत असलेला माणूस लागतो.

भाषेबद्दल इथेच बोलून घेऊ. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी, चारही येणारा क्लेमचा माणूस बेंगळूरमध्ये सहज मिळत नाही. हुबळीच्या गॅरेजवाल्याशी कन्नडात, कोल्हापूरच्या डीलरशी मराठीत बोलता येणं ही तुमच्या पगारात मोजली गेली पाहिजे अशी गोष्ट आहे. पण तीच तुमच्या पायात बेडीही ठरू शकते. ‘हिला भाषा येतात’ म्हणून तुम्हाला प्रादेशिक भाषांच्या कॉल डेस्कवर बसवतील, आणि दोन वर्षांनी तुमच्या बायोडेटावर ‘कस्टमर सपोर्ट’ राहील. पाठपुराव्याचे फोन, स्टेटस सांगणं, कागद मागवणं ही कामं हळूहळू यंत्राकडेच जाणार आहेत. नियम लिहिणारा, अपवाद ओळखणारा माणूस मात्र टिकतो. त्यामुळे मॅनेजरला सरळ विचारा: आठवड्यात किती तास फोनवर आणि किती तास प्रॉडक्टच्या कामावर? पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय पूर्ण होणं अपेक्षित आहे? याचं उत्तर ईमेलवर मागा. ते दोन वाक्यांत लिहून देता येत नसेल तर ते पद नावापुरतंच आहे असं समजा.

आता पगार. ११ लाख हा आकडा डोक्यातून काढून टाका.

ईसॉपचे १ लाख ४० हजार म्हणजे पैसे नव्हेत, तो ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क आहे. समजा चार वर्षांत मिळून ५६० ऑप्शन, एकाची आजची किंमत १,००० रुपये धरलेली. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत हातात शून्य, कारण किमान एक वर्ष थांबणं कायद्यानंच सांगितलंय. वर्षानंतर १४० मिळतात, मग दरमहा थोडे थोडे. दीड वर्षानं सोडलंत तर तुमच्या नावावर २१० असतील. ते शेअरमध्ये बदलायला तुम्हाला ‘एक्सरसाइज प्राइस’ भरावी लागते. ती १० रुपये असेल तर २,१०० रुपयांत काम होईल, ७०० असेल तर १ लाख ४७ हजार लागतील. वर बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक, ७०० रुपयांच्या उदाहरणात ६३ हजार, तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर. आणि एवढं करून हातात आलेला शेअर विकायचा कुठे? खासगी कंपनीच्या शेअरला बाजार नसतो. कंपनी कमी किमतीत विकली गेली तर आधी गुंतवणूकदारांचे पैसे निघतात, मग उरलंसुरलं तुमच्याकडे. नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला बऱ्याच ठिकाणी ३० ते ९० दिवसच देतात. म्हणून ग्रँट लेटरमध्ये चार गोष्टी बघा: ऑप्शनची संख्या (रुपयांतली किंमत नव्हे), एक्सरसाइज प्राइस, वेस्टिंगचं (ऑप्शन टप्प्याटप्प्यानं नावावर होण्याचं) वेळापत्रक आणि सोडल्यानंतरची मुदत. घरखर्चाच्या हिशेबात मात्र ईसॉप शून्य धरा. व्हेरिएबलही शून्य धरा. मिळालं तर दिवाळी.

उरले ८ लाख ४० हजार, म्हणजे महिना ७० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, तुमच्या वाट्याचा १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद (बेसिक ३५ हजार धरला तर) सुमारे १,६८४ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जाईल. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. हातात साडेचौसष्ट हजार. पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्क्यांनी कापत असतील तर साठ हजारांच्या जरा आत. तो पैसा तुमच्याच नावावर साठतो, पण महिन्याच्या खर्चाला उपयोगी पडत नाही.

आता खर्च मांडा. बेंगळूरला जेवणासकट पीजी १३ हजार, जाण्यायेण्याचे ३, वरखर्च ६, महिन्यातून एकदा-दोनदा घरी यायचे ३, आणि तुम्ही घरात नसणार म्हणून घरी १५ ऐवजी २० हजार पाठवावे लागतील. बेरीज ४५ हजार, शिल्लक साडेएकोणीस. आज ३८ हजारांत घरी १५, बस-डबा-स्वतःचा खर्च १० धरला तर १३ हजार शिल्लक राहतात. म्हणजे पगारात साडेसव्वीस हजारांची उडी असली तरी शिल्लक साडेसहा हजारांनीच वाढते. आकडे तुमच्या घरच्या खर्चाप्रमाणे बदला, पण असा ताळेबंद कागदावर मांडल्याशिवाय सोमवारी फोन करू नका. पीजीऐवजी भाड्याचं घर घ्यायचा विचार असेल तर बेंगळूरला कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागतात, तेवढी रक्कम अडकून पडते.

बाबांचा ‘आज आहे, उद्या नाही’ हा प्रश्न मोजून बघता येतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीचे जमा केलेले ताळेबंद बघता येतात. त्यात दोन आकडे शोधा: हातातली रोख आणि बँकेतली शिल्लक, आणि वर्षाचा तोटा. रोख ३६ कोटी, तोटा वर्षाला ३० कोटी, म्हणजे महिन्याला अडीच कोटी; तर नवा पैसा आला नाही तरी कंपनी चौदा महिने चालेल. ताळेबंद जुन्या वर्षाचा असतो, म्हणून त्यानंतर शेअर वाटप झाल्याची नोंद आहे का तेही बघा, म्हणजे नवीन पैसा कधी आला ते कळेल. दुसरी खूण आणखी सोपी आणि फुकट आहे. ईपीएफओच्या साइटवर आस्थापनेचं नाव टाकून शोधलं की त्या कंपनीनं कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला ते दिसतं. वर्षभराची ती संख्या उतरत असेल किंवा भरणा उशिरा होत असेल, तर मुलाखतीत कितीही गोड बोलले असले तरी विचार बदला. ही कंपनी ब्रोकर नसून विमा कंपनी निघालीच, तर तिच्या साइटवर दर तिमाहीचे ‘पब्लिक डिस्क्लोजर’ असतात. त्यात सॉल्व्हन्सी रेशो (देणी भागवायची कंपनीची ताकद) १.५ च्या वर किती आहे ते बघा, १.५ ही किमान मर्यादा आहे.

ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का तेही वाचा. प्रोबेशनमध्ये कंपनीनं काढायचं तर १५ दिवस आणि तुम्ही सोडायचं तर ९० दिवस, असंही कुठे कुठे असतं. ते बदलून मागता येतं.

आमचं मत विचारलंत तर, जा. पण ११ लाखांसाठी म्हणून जाऊ नका, प्रॉडक्टच्या कामासाठी जा, आणि तीन गोष्टी जुळल्या तरच. कंपनीकडे बारा महिन्यांहून जास्त पुरेल एवढा पैसा दिसला पाहिजे. कामाचं स्वरूप लेखी आलं पाहिजे. आणि तुमच्या खात्यात किमान तीन महिन्यांचा, जमल्यास सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १ लाख ३५ हजार ते २ लाख ७० हजार, बाजूला हवा. कमावती तुम्ही एकटी आहात, त्यामुळे ही तिसरी अट आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. पैसे कमी पडत असतील तर व्हेरिएबलमधले ६० हजार फिक्स्डमध्ये मागा. जॉइनिंग बोनस देऊ केला तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो का, तेवढं वाचून घ्या.

या तीनपैकी एक जरी जुळली नाही तरी नको म्हणा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या अनुभवाला दुसऱ्या वाटाही आहेत. पुणे आपल्याला परकं नाही. डिजिटचं नोंदणीकृत ऑफिस शिवाजीनगरला आहे, आणखी मोठ्या विमा कंपन्यांची ऑफिसंही पुण्यात आहेत. तिथे क्लेमचा निर्णय घेणारं काम हातातून न सोडता तंत्रज्ञानाच्या बाजूला सरकता येतं. बेळगावहून वंदे भारत आता पुण्यालाही जाते आणि बेंगळूरलाही, त्यामुळे घरापासूनचं अंतर हा पूर्वीएवढा मोठा मुद्दा राहिलेला नाही. तुमच्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर सर्व्हेअरचं लायसन्सही मिळू शकतं. १२ महिने मान्यताप्राप्त सर्व्हेअरच्या हाताखाली प्रशिक्षण आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा. याच संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएटशिप या परीक्षा मात्र कुठेही असलात तरी देत राहा. स्टार्टअपमधली पदं कंपनीगणिक वेगळ्या नावाची असतात. उद्या परत विमा कंपनीत यायचं झालं तर ही सर्टिफिकेटं सगळीकडे ओळखली जातात.

एक काम मात्र, निर्णय काहीही होवो, याच महिन्यात करा. आज आई-बाबा तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये असतील. स्टार्टअपमध्येही असतील कदाचित. पण नोकरी गेली की ते कव्हर त्या दिवशी संपतं, आणि बाबांची शुगर तशीच राहते. राजीनामा देण्याआधी एचआरला लेखी विचारा की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, मिळेल का, आणि ग्रुपमधली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये (जुन्या आजाराचा क्लेम न मिळण्याच्या काळात) धरली जातील का. ते जमलं नाही तर नवी पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि तो पॉलिसी घेतलेल्या दिवसापासून मोजायला लागतात. प्रपोजल फॉर्ममध्ये शुगर किती वर्षांपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आला, सगळं जसंच्या तसं लिहा. फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. शेजारी बसून स्वतः टाइप करा आणि ओटीपी देण्याआधी आई-बाबांना मराठीत वाचून दाखवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लूक (पॉलिसी तपासून परत करायची मुदत) असतो, त्या मुदतीत आजारांची नोंद बरोबर छापली गेली आहे ना ते बघा, चुकली असेल तर दुरुस्तीचा ईमेल त्याच दिवशी पाठवा.